लांजेवार साहेबांचं त्रुटीपत्र

लांजेवार साहेबांनी जन्मात कोणाचा चहा घेतला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी त्यांची भरपूर निंदा करणार आहे आणि मनापासून निंदा करायची तर माणसाने सुरुवातीला खरं बोलून मोकळं व्हावं. चहाच काय, सही करायला समोरच्याचं पेनसुद्धा त्यांनी कधी घेतलं नाही. त्यांच्या टेबलापुढे मी किती वर्षं चकरा मारल्या ते माझ्या गुडघ्यांना विचारा. इतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही, आणि इतका छळ मला एखाद्या लाचखाऊनेही केला नसता. मेला लाचखाऊ माणूस निदान काम तरी करतो!

साहेब महापालिकेच्या झोन ऑफिसात बसत. पाळणाघर, शिलाई वर्ग, अभ्यासिका असली कामं करणाऱ्या संस्थांना महापालिका दरवर्षी अनुदान देते, त्या अर्जांची पहिली चाळणी साहेबांच्या टेबलावर व्हायची. अर्जात काही कमी असलं की ते एक पत्र पाठवत, त्याचं नाव त्रुटीपत्र. काही कमी नसलं की फाइल वर जायची. माझी फाइल कधी वर गेली नाही. माझ्याकडे त्रुटीपत्रांची एक पिशवीच आहे, आणि ती मी अजून रद्दीत घातलेली नाही, कारण राग टिकवून ठेवायलाही माणसाला काहीतरी हाताशी लागतं.

मी शाळेत शिकवत होते तेव्हा माझ्या वर्गातल्या काही मुली कडेवर भावंडं घेऊन यायच्या, नाहीतर यायच्याच नाहीत. त्यांच्या आया सकाळी सातला नंदनवन कॉलनीतल्या घरांत पोळ्या करायला आणि भांडी घासायला निघून जात, मग लहानग्यांना सांभाळणार कोण? निवृत्त झाल्यावर मी त्यांच्या वस्तीत पाळणाघर काढलं. तिथल्या बुद्धविहाराच्या कमिटीने विहारामागची खोली दिली, एक पैसा न घेता. वस्तीतली शीला आणि तिची नणंद अशा दोघी पोरं सांभाळायला उभ्या राहिल्या. त्यांना मी माझ्या पेन्शनमधून थोडंफार द्यायची, पण थोडंफार किती दिवस चालणार? अनुदान मिळालं तर त्या दोघींना रीतसर पगार मिळाला असता आणि पाळणाघर टिकलं असतं. नाही मिळालं तर एक दिवस त्या दुसरीकडे जाणार आणि खोलीला कुलूप लागणार, हे मला पहिल्या वर्षीच दिसत होतं.

म्हणून मी फाइल घेऊन गेले. साहेब क्रीम रंगाच्या सफारीत बसले होते. शर्टाच्या खिशाच्या पट्टीवर टाचण्यांची रांग. स्टेपलर ते वापरत नसत, कारण पिन काढताना कागद फाटतो. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून त्यांनी माझा अर्ज वाचला, मधेच फोन वाजला तर उठून व्हरांड्यात गेले. फोन घरचा होता. परत येऊन त्यांनी एका चिठ्ठीवर काहीतरी टिपलं. मला नंतर शिपायाने सांगितलं, घरच्या फोनवर जितकी मिनिटं जातात तितकी साहेब पाचनंतर बसून भरून काढतात. शिपाई त्यांच्या नावाने बोटं मोडत असे, कारण तोवर त्याला ऑफिस बंद करता येत नसे.

अर्ज वाचून संपल्यावर साहेब म्हणाले, "लाभार्थ्यांच्या सह्या कुठं आहेत, मॅडम?"

"साहेब, लाभार्थी दीड-दोन वर्षांचे आहेत."

"मंग अंगठे घ्या."

"अहो, पाळणाघर आहे हे!"

"ते मले समजून राहिलं. पण नमुन्यात लाभार्थ्याची सही किंवा अंगठा आहे. पाळणाघराले सूट आहे असं कागदावर कुठं आहे, दाखवा मले."

हे त्यांचं पालुपद. कागदावर कुठं आहे, दाखवा मले. माणूस समोर रडो, ओरडो, पाया पडो, साहेब शांतपणे मान वर करून हेच विचारत. दुसऱ्या दिवशी मी शाईचं पॅड आणलं. शीला एकेका पोराला धरून आणी आणि मी अंगठा उमटवून घेई. अर्ध्या पोरांनी अंगठा आधी पॅडवर टेकवला आणि मग सरळ तोंडात घातला. संध्याकाळी आया न्यायला आल्या तर सगळ्यांची तोंडं जांभळी! एक बाई तर घाबरून शीलाला म्हणाली, "काय वं, काय खाऊ घातलं पोराईले?" इतकं करून यादी दिली. दहा दिवसांनी त्रुटीपत्र आलं की अंगठे डाव्या हाताचे हवेत, सादर केलेले काही अंगठे उजव्या हाताचे दिसून येतात. साहेब भिंग घेऊन बसले होते म्हणे. मी त्या दिवशी शाळेत कधी न उच्चारलेले शब्द घरात उच्चारले.

आता असं वाटेल की साहेब खडूस होते. नव्हते हो! तेच तर दुखणं आहे. खडूस माणसाला मनसोक्त शिव्या देता येतात. साहेब तर आत आलेल्या प्रत्येकाला बसायला खुर्ची देत, स्वतःच्या बाटलीतलं पाणी विचारत, "गुडघा कसा आहे आता?" असं विचारत. आणि मग त्याच प्रेमाने त्रुटी काढत. त्रुटी सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरे, जणू तांदूळ निवडताना खडा सापडला.

एका दिवाळीला कोणीतरी त्यांच्या टेबलावर सोनपापडीचा डबा ठेवून गेलं. दुसऱ्या कोणी घरी नेला असता, तिसऱ्या कोणी शिपायाला दिला असता. साहेबांनी डब्याला आवक क्रमांक दिला. वरून दोरा बांधला, चिठ्ठी लावली आणि वरिष्ठांना टिपण पाठवलं, की सदर डब्याचे काय करावे याबाबत आदेश व्हावेत. आदेश काही आले नाहीत. सोनपापडीसारख्या विषयावर आदेश काढायला वरिष्ठांनाही धाडस लागत असेल. डबा अनुदानाच्या फायलींच्या कपाटात राहिला. मग मुंग्या आल्या. त्यांनी सोनपापडी संपवली आणि तोंडाला चव आल्यावर फायलींमधला गोंद खाल्ला. त्या वर्षी आम्हा झाडून सगळ्या संस्थांना एकाच दिवशी त्रुटीपत्र आलं, की प्रस्तावासोबतची छायाचित्रे चिकटवलेली आढळून येत नाहीत.

फक्त एका फाइलला मुंगी लागली नाही. ती शेखरभाऊंची. ती प्लास्टिकच्या बंद डब्यात होती.

शेखरभाऊ म्हणजे मोठं प्रस्थ. बर्डीच्या बाजारपेठेत काचेचं ऑफिस, अंगात जॅकेट, हातात दोन मोबाइल, आणि नावावर एक की दोन संस्था, ते त्यांनाच ठाऊक. त्यांची फाइल स्पायरल बाइंडिंगची असे, पुढे अनुक्रमणिका, मधे रंगीत कागदांचे विभाग. ती हातात आली की साहेबांचा चेहरा लग्नघरासारखा होई. "याले म्हणतात प्रस्ताव," ते आम्हाला सांगत. आम्ही म्हणजे बाकड्यावर बसलेले सगळे: कोणी अंध मुलांची शाळा चालवणारे, कोणी म्हाताऱ्यांना डबा पोचवणारे, सगळे घामाघूम, सगळ्यांच्या हातात एकेक त्रुटीपत्र. शेखरभाऊंची फाइल दरवर्षी पहिल्या फटक्यात वर जायची.

एकदा साहेब त्यांच्या शिलाई केंद्राची पाहणी करायला गेले. स्वतःच्या सायकलवर, भर मे महिन्यात, डोक्याला दुपट्टा बांधून. शेखरभाऊंनी गाडी पाठवली होती, ती यांनी परत केली. मी चार दिवसांनी ऑफिसात गेले तेव्हा न राहवून विचारलंच. मला माहीत होतं ना, तिथे संगमरवराच्या फरशांचं गोदाम आहे.

"साहेब, गेला होतात म्हणे तुम्ही. काय दिसलं?"

"फलक आहे."

"आणि आत?"

"आत कुलूप होतं."

"मग लिहिलं ना तसं?"

साहेबांनी पाहणीचा छापील नमुना माझ्यापुढे सरकवला. "पाहा. 'फलक दर्शनी भागात आहे काय?' आहे. मी 'होय' लिहिलं. 'पत्ता प्रस्तावाप्रमाणे आहे काय?' आहे. आता कुलपाचा रकाना कुठं आहे, दाखवा मले. जो रकानाच नाही त्यात मी काय लिहू?"

"अहो, पण तुम्हाला दिसलं ना डोळ्यांनी!"

"मॅडम," ते अगदी समजुतीने म्हणाले, "माझ्या डोळ्यावर विश्वास ठेवून अनुदान देत नाही हो कोणी."

आता काय बोलणार, सांगा! माणूस खोटं बोलत नाही, पैसे खात नाही, उन्हात सायकल मारत जातो, आणि चोराचं काम करून देतो. बरं, चोराला हे पक्कं ठाऊक. शेखरभाऊ मला एकदा हसत म्हणाले होते, "ताई, लांजेवारसारखा ऑफिसर मिळायले नशीब लागते. दुसरा कोणी असता तर हिस्सा मागितला असता." कारण ज्याला काम करायचं नसतं त्याला कागद करायला दिवसभर वेळ असतो. माझा वेळ पोरांची नाकं पुसण्यात जायचा.

त्याच शेखरभाऊंची एक गोष्ट सांगते म्हणजे साहेबांचा कळस कळेल. एका वर्षी साहेबांना माझी दया आली. म्हणाले, "मॅडम, तुमच्या भल्यासाठी सांगून राहिलो. तुमचे फोटो बराबर नसतात. पोरं रडून राहिली, कोणी पाठमोरं आहे. दुसऱ्याची फाइल दाखवता येत नाही, पण फोटो कसे लावाचे ते पाहून घ्या." त्यांनी एक फाइल उघडली आणि संस्थेचं नाव माझ्या नजरेला पडू नये म्हणून त्यावर फूटपट्टी ठेवली. एवढे नियमाचे पक्के! नाव झाकलं होतं, पण पोरं उघडी होती. पहिल्याच फोटोत मधोमध शीलाचा पोरगा. त्याच्या शेजारी आमच्याच पाळणाघरातल्या दोघी बहिणी, आणि मागे आमच्याच खोलीची निळी भिंत. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गेल्या प्रजासत्ताक दिनाला शेखरभाऊ बिस्किटांचे पुडे आणि फोटोग्राफर घेऊन आमच्याकडे आले होते. पोरांच्या मागे त्यांनी स्वतःचा फ्लेक्स धरायला लावला होता. मला वाटलं, असेल हौस.

"साहेब, ही माझी पोरं आहेत!"

"तुमच्या फायलीत हे फोटो आहेत का?"

"नाहीत, पण..."

"मंग तुमची कशी म्हणता?"

मी टेबलावर हात आपटला. साहेबांनी आधी शाईची दौत सावरली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "लेखी तक्रार द्या. मी आवक क्रमांक देतो. कोणाच्या बापाले भीत नाही मी." आणि खरंच भ्यायले नाहीत. मी तक्रार दिली, त्यांनी क्रमांक दिला, शेखरभाऊंनी वरून कोणाकोणाचे फोन करवले तरी ती दाबली नाही. मग दोन आठवड्यांनी त्या तक्रारीचं त्रुटीपत्र मला आलं. छायाचित्रातील बालके तक्रारदार संस्थेचीच आहेत याबाबत बालकांचे जन्मदाखले व पालकांची प्रतिज्ञापत्रे जोडावीत. त्यातली अर्धी पोरं घरी जन्मली होती, आणि आयांना प्रतिज्ञापत्र करायला कोर्टात जायचं तर चार घरची कामं बुडणार होती. मी कपाळाला हात लावला.

शेवटच्या वर्षी मी सगळं केलं. डाव्या हाताचे अंगठे, हसरी पोरं, अनुक्रमणिका, रंगीत कागद. शीला म्हणाली, "मॅडम, फाइल पाहून तं वाटते आपण चोर आहोत." मला बरं वाटलं. साहेबांनी फाइल बोट ठेवून वाचली, पानं उलटली, आणि पहिल्यांदाच म्हणाले, "पाहणीले येतो."

आले. सायकल विहाराच्या भिंतीला टेकवली, चपला बाहेर काढल्या. पाणी दिलं तर स्वतःची बाटली दाखवली. खोलीत बारा-पंधरा पोरांचा गोंधळ चालला होता. कोणी खिचडी सांडली होती, कोणी झोपेला आलं होतं. साहेब भिंतीशी सतरंजीवर बसले आणि नमुना मांडीवर घेतला. एक पोरगं आलं आणि त्यांच्या खिशाच्या टाचण्यांकडे बोट दाखवून त्यांच्या मांडीवरच बसलं. साहेबांनी आधी टाचण्या काढून चष्म्याच्या डबीत ठेवल्या, पोराला टोचू नयेत म्हणून. मग तासभर तिथेच बसले. अर्धा तास पुरला असता. शीला मला खुणेने म्हणाली, झालं काम. माझा जीव भांड्यात पडला.

जाताना साहेब दारात थांबले. "काम चांगलं आहे, मॅडम. मी खरं सांगून राहिलो. इतक्या वर्षांत असं पाहिलं नाही."

"मग साहेब, या वर्षी तरी?"

"जागेचा नोंदणीकृत करार नाही जोडला तुम्ही."

विहार ज्या जमिनीवर उभा आहे तिचे कागद कोणाच्याच नावावर नाहीत. वस्तीच तशी आहे. आजोबा-पणजोबांनी विटा रचल्या, पुढच्यांनी पत्रे टाकले. करार करायचा तर कोणी कोणाशी करायचा? हे सगळं मी सांगितलं. साहेबांनी ऐकलं, मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "तुमचं बराबर आहे. पण 'काम चांगलं आहे' असं लिहाले नमुन्यात जागा नाही. कराराचा रकाना आहे." आणि सायकलवर टांग टाकून गेले. त्या रकान्यात त्यांनी 'नाही' लिहिलं. त्रुटीपत्र आलं तेव्हा आत काय आहे ते मला माहीत होतं, मी पाकीट फोडलंच नाही.

पाच-सहा महिन्यांत पाळणाघर बंद झालं. शीलाला एका हॉस्पिटलात आयाचं काम लागलं, तिने मला सांगताना मान वर केली नाही. तिला कशी अडवणार मी? तिची नणंद एकटी कितीजणांना सांभाळणार? माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं होतं. शेवटच्या दिवशी पोरांच्या आया त्यांना न्यायला आल्या, कोणी भांडलं नाही. वंदना नावाची एक होती, नंदनवनात चार घरी भांडी-पोळ्या करणारी. तिची आरू तेव्हा जेमतेम सव्वा वर्षाची. ती एवढंच म्हणाली, "आता हिले कुठं ठेवू, मॅडम?" घरी येऊन मी खूप रडले, हे सांगायला मला लाज वाटत नाही.

त्याच वर्षी साहेब निवृत्त झाले. निरोप समारंभाला मी गेले नाही, पण शिपायाने सगळं सांगितलं. शेखरभाऊंनी भाषण केलं, म्हणाले, साहेबांसारखा प्रामाणिक अधिकारी पुन्हा होणे नाही. बोलताना त्यांनी रुमालाने डोळे पुसले म्हणे. मला त्यांचं ते रडणं अगदी खरं वाटतं.

गेल्या उन्हाळ्याआधीची गोष्ट. गुडघ्याच्या व्यायामासाठी मी नंदनवनात एका डॉक्टरीणबाईंकडे जात होते. दुपारी साडेअकरा-बाराच्या सुमाराला एका गल्लीतून चालले होते तर कोणीतरी अगदी दबक्या आवाजात हाक मारली. "मॅडम! या नं, या."

लांजेवार साहेब स्वतःच्या घराच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. बनियन आणि लेंगा. खांद्यावर एक पोरगी मान टाकून पडली होती आणि ते एका हाताने तिला थोपटत होते. आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी फाटकाशी गेले आणि पाहिलं तर ती आरू.

"वंदनाची आहे," साहेब म्हणाले. "आमच्याकडे काम करते ती. रोज सोबत घेऊन येते बिचारी, ठेवणार कुठं? पहिले पायरीवर बसवून ठेवे, उन्हात. मंग मीच म्हटलं, आण इकडे. आता वंदनाचे चारही घरं होतपर्यंत माझ्याचजवळ राहते. बाजूच्या घरच्या कामवालीचाबी पोरगा येते." त्यांनी पायाने एक खुळखुळा बाजूला सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर कसलाही छक्कापंजा नाही, नेहमीसारखाच स्वच्छ चेहरा. "मॅडम, तुमचं पाळणाघर होतं नं तिथं, विहाराच्या मागं? मी पाहून आलो होतो. इतकं चांगलं चाललं होतं. बंद काहून केलं?"

इतक्या वर्षांचं सगळं एकदम माझ्या तोंडाशी आलं. फाटकाची कडी मी घट्ट धरली आणि आवाज चढवून म्हटलं, "साहेब, तुम्ही..."

साहेबांनी घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला नं, मॅडम. आत्ताच झोपली."